पायाला प्लास्टर, सहा आठवडे घरात. पर्यावरणासाठी घरबसल्या काय काय करता येईल?

चौथा_मजला | ६ जुलै, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात पावसात जिन्यावरून घसरले आणि घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे आणि सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. राहते पुण्यात, चौथा मजला, लिफ्ट नाही, म्हणजे खाली उतरायचा प्रश्नच नाही. ऑफिसचं काम घरूनच चालू आहे पण तरी बरेच तास उरतात आणि मोबाईल बघून बघून डोकं दुखायला लागलंय.

धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. एरवी मी साडेआठला बाहेर पडते ती संध्याकाळी सातला घरात येते, आपल्या घरातून दिवसभरात काय काय बाहेर जातं ते मी कधी बघितलंच नव्हतं. आता स्वयंपाकघरात पाय वर करून भाजी निवडत बसते तर समोर ओल्या कचऱ्याची बादली असते. नवऱ्याला सांगून रोज वजनकाट्यावर ठेवायला लावली, सहा दिवसांत ५ किलो ४०० ग्रॅम! घरात माणसं तीन, सासूबाई धरून. आंब्याच्या साली-कोयी होत्या त्यामुळे जरा जास्त असेल, पण तरीही हे सगळं रोज कोणीतरी चार मजले खाली वाहून नेतंय याचं फार वाईट वाटलं.

तर बसून, एका जागी, फार वजन न उचलता पर्यावरणासाठी काय करता येईल ते सुचवा. एक छोटी बाल्कनी आहे, ऊन सकाळी दोन तास. 

गच्चीतली_तुळस | ६ जुलै, दुपारी १:२५

ताई आधी पायाची काळजी घ्या, घाई करू नका. आणि उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, त्या बादलीपासूनच सुरू करा. मी गेली नऊ वर्षं ओला कचरा घराबाहेर जाऊ दिलेला नाही, तेही फ्लॅटमध्येच.

महागडा कंपोस्टर अजिबात घेऊ नका. ऑइलपेंटच्या नको पण भिंतीच्या रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादल्या रंगारी लोकांकडे मिळतात, स्वच्छ धुवून घ्यायच्या. अशा दोन आणा. बाजूंना आणि तळाला बोटभर अंतरावर भोकं पाडायची, खाली ताटली. तळाला नारळाची सोडणं कातरून, त्यावर चार बोटं सुका पाला. मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा आणि प्रत्येक वेळी त्यावर तेवढाच किंवा जास्तच सुका पाला झाकायचा. हे "प्रत्येक वेळी" लोक विसरतात आणि मग वास येतो म्हणून सोडून देतात. सुरुवातीला कोणाकडून तरी दोन मुठी तयार खत आणून मिसळा, दह्याला विरजण लावतो तसंच आहे ते.

तेलकट-तुपकट, मटण-मासे, दूध, हाडं सध्या नको. कोयी पण नको, लवकर कुजत नाहीत. लिंबाची सालं थोडी चालतील. अंड्याची टरफलं चुरून.

चौथा_मजला | ६ जुलै, दुपारी ४:०२

तुळसताई किती छान समजावलंत! बादल्या होतील, शेजारच्या बिल्डिंगमध्ये रंगकाम चालूच आहे. पण सुका पाला कुठून आणू? जुलै महिना आहे, बाहेर सगळं ओलंचिंब.

गच्चीतली_तुळस | ६ जुलै, संध्याकाळी ६:४०

हो पावसाळ्यात तीच अडचण. पाला मार्च-एप्रिलमध्ये पोती भरून ठेवायचा असतो, पुण्यात तर पाला जाळू नका आम्हाला द्या म्हणणारे आणि पोती घेऊन जाणारे बरेच लोक आहेत. आत्तासाठी सुताराकडचा लाकडाचा भुसा (प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो), कोकोपीट, नाहीतर खोक्यांचा पुठ्ठा. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी असतील ना घरात? त्यावरची चिकटपट्टी काढून टाका आणि बसल्या बसल्या बोटाएवढे तुकडे फाडा. हे काम तर पाय वर करूनच करायचं आहे.

शास्त्र_असतं_ते | ६ जुलै, रात्री ९:१५

सुक्याचं महत्त्व का ते सांगतो, म्हणजे प्रमाण पाठ करावं लागत नाही. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५ ते ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन लागतो. भाजीच्या देठांत, चहाच्या चोथ्यात नायट्रोजन जास्त आणि पाणी खूप, पाल्यात पुठ्ठ्यात कार्बन जास्त. सुकं कमी पडलं की पाणी साचतं, हवा खेळत नाही आणि मग हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात, वास त्यांचा असतो. परीक्षा सोपी आहे, मूठभर माल घट्ट दाबायचा, हात ओला झाला पाहिजे पण पाणी ठिबकलं नाही पाहिजे.

आणि हेच डोंगराएवढं मोठं करून बघा, म्हणजे कचरा डेपो. आत हवा नाही, म्हणून मिथेन तयार होतो, जो २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटीहून जास्त उष्णता अडवतो. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय, २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा किती दिवस धूर होता ते मुंबईकरांना आठवत असेल.

लोकल_चेंबूर | ६ जुलै, रात्री ११:३०

आठवत असेल काय, आमच्या घरात तान्हं बाळ होतं तेव्हा. दारं-खिडक्या बंद करून ओले टॉवेल लावून बसलो होतो. त्या आधी मला कचरा म्हणजे घंटागाडी गेली की संपलं असंच वाटायचं.

उरुळीचा_पाटील | ७ जुलै, सकाळी ७:५०

पुण्याच्या ताई आहेत म्हणून लिहितोय. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं आमची. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षं आमच्या शिवेवर आला. विहिरीचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही, पाव्हणे जेवायला थांबायचे नाहीत माश्यांमुळं, पोरांची लग्नं जमवताना पण गावाचं नाव सांगितलं की लोक मागं सरायचे. आंदोलनं किती झाली त्याला गणती नाही. तुमच्या घरातले ५ किलो ४०० आमच्याकडं आले नाहीत तर आम्हाला मोजायला नाही दिसणार, पण तुम्ही मोजलं याचं बरं वाटलं. एवढंच.

चौथा_मजला | ७ जुलै, सकाळी ९:२०

दादा, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या बादल्या आजच आणा.

दाभणदोरा | ७ जुलै, दुपारी १२:०५

मी वेगळं सुचवते. गोधडी शिवा. सहा आठवडे एका जागी बसायला मिळणं हे गोधडीसाठी लागतंच! आमची आजी बार्शीकडची, पावसाळ्यात शेतात चिखल झाला की बायका ओसरीवर गोधड्या घेऊन बसायच्या. 

एकदम मोठी घेऊ नका, पाय दुखेल, बाळाच्या दुपट्याएवढी घ्या. वर-खाली जुन्या सुती साडीचे सलग तुकडे, मधे चार-पाच थर फाटक्या चादरी, धोतरं, कुर्ते, काहीही चालतं पण सुतीच. सिंथेटिक घातलं की थर घसरतात आणि धुताना त्याचे प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात ते वेगळंच. थर जमिनीवर पसरून आधी मोठे कच्चे टाके घालून घ्यायचे (हे घरच्यांना करायला सांगा), मग कडा दुमडून काठापासून आत आत गोल फिरत धावदोरा. सरळ ओळी आल्या नाहीत तरी चालतं, आजीच्या पण यायच्या नाहीत. सुई गोधडीचीच घ्या, साध्या सुईने बोटं सोलतात. आणि जी साडी घ्याल तिची गोष्ट सासूबाईंना विचारा, अर्धी मजा त्यातच आहे.

चौथा_मजला | ७ जुलै, दुपारी २:४५

सासूबाईंनी लगेच ट्रंक उघडायला लावली :) त्यांच्या आईची नऊवारी निघालीय, जरा विरलीय, पण पोत काय मऊ आहे!

नवी_सुरुवात | ७ जुलै, संध्याकाळी ५:३०

संत्र्या-लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम करा ना! १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, तीन महिने ठेवायचं. फरशी, सिंक, बाथरूम सगळं निघतं, नदीत सोडलं तर नदी पण स्वच्छ होते.

शास्त्र_असतं_ते | ७ जुलै, संध्याकाळी ७:१०

प्रमाण बरोबर आहे, मीही करतो आणि सिंकसाठी वापरतो. पण नदीचं मात्र कृपा करून पसरवू नका. तयार होतं ते मुख्यतः आंबट द्रावण, व्हिनेगरच्या जवळचं, त्यात उरलेली साखर आणि सेंद्रिय पदार्थ असतात, ते पाण्यात गेले की तिथला ऑक्सिजन आणखी कमीच होणार. नदीत सांडपाणी न सोडणं हाच त्यावर उपाय. घरच्या वापरासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवा. काचेची बाटली नको, गॅस होतो आणि फुटू शकते, प्लास्टिकची घ्या आणि पहिला महिना रोज झाकण सैल करा. मार्बल किंवा शहाबादी फरशीवर नको, आम्लाने डाग पडतात. आणि ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

नवी_सुरुवात | ७ जुलै, रात्री ८:००

ब्लीचचं माहीत नव्हतं, आईला लगेच फोन करून सांगितलं, ती दोन्ही एकत्र वापरायच्या बेतात होती. धन्यवाद.

एक_खिडकी | ८ जुलै, सकाळी १०:१५

ज्यांच्याकडे बाल्कनीच नाही त्यांनी काय करायचं? मी मुंबईत वन आरकेमध्ये, आईच्या आजारपणामुळे दीड वर्ष जवळपास घरातच आहे. मी गॅसवर लक्ष दिलं. डाळ, राजमा, छोले काहीही असो, भिजवल्याशिवाय शिजवत नाही. भाताला उकळी आली की पाचेक मिनिटं ठेवून गॅस बंद, पातेलं घट्ट झाकून जुन्या चादरीत आणि वर रजईत गुंडाळून टोपलीत ठेवते, पाऊण तासात भात मोकळा शिजतो. डाळीला मात्र आधी दहा मिनिटं चांगली खळखळून उकळी द्यावी लागते आणि जेवायच्या आधी परत गरम करायची. मांसाहारासाठी हे करू नका. आमचा सिलिंडर आता आठ-दहा दिवस जास्त पुरतो, हे डायरीत तारखा लिहून बघितलंय, अंदाज नाही.

पुण्याच्या आरती संस्थेचा सराई कुकर आठवतो का कोणाला? आनंद कर्वे सरांची संस्था. जेमतेम शंभर ग्रॅम कोळशात, वाफेवर अख्खा स्वयंपाक व्हायचा. स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर चालणारा छोटा बायोगॅस पण त्यांनी केला होता, त्याला २००६ चं अ‍ॅशडेन पारितोषिक मिळालं.

शिंजीर | ८ जुलै, दुपारी ३:४०

खिडकी आहे ना, मग पक्षी मोजा! हे गंमत म्हणून सांगत नाहीये. रोज ठरावीक वेळी १५ मिनिटं खिडकीत बसायचं, दिसला-ऐकू आला तो प्रत्येक पक्षी आणि संख्या लिहायची आणि ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट आणि अ‍ॅप) यादी टाकायची. फुकट आहे. अशा लाखो याद्यांमधूनच कुठला पक्षी कमी होतोय ते अभ्यासकांना कळतं. चिमणी, कावळा, कबुतर दिसले तरी लिहा, "नेहमीचेच तर आहेत" म्हणून लोक सोडतात आणि नेमकी नेहमीच्या पक्ष्यांचीच माहिती अपुरी पडते. पुण्यात चौथ्या मजल्यावरून तांबट, बुलबुल, दयाळ, शिंपी, घार सहज होतील. आत्ता चातक पण आलेले असतात पावसाबरोबर आफ्रिकेतून, आवाजाकडे लक्ष ठेवा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर एकाच वेळी अशी मोजणी असते, तोवर सराव होईल.

आणि बाल्कनीत कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप असेल तर पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर पुसू नका, फुलपाखराची अळी असते ती, मोठी झाली की हिरवी होते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, राणी पाकोळी, ते पण लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. कढीपत्त्याची थोडी पानं खाऊ द्या, परत फुटतात.

रोखठोक_नागपूर | ८ जुलै, रात्री १०:२०

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो. बादलीत साली टाकून आणि गोधड्या शिवून हवामान बदल थांबणार आहे का? कारखाने, कोळशाची वीज, बांधकामं, हे सगळं तसंच चालू आहे आणि आपण घरातल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवतोय. मनापासून वाटतं म्हणून लिहिलं.

चौथा_मजला | ९ जुलै, सकाळी ११:५५

रात्रभर विचार करत होते तुमच्या प्रश्नावर. बाईच्या डोक्यावरचं काम हा मुद्दा एकदम पटला, म्हणून काल घरात बोलले. बादली नवरा सांभाळणार, माझं प्लास्टर निघाल्यावरसुद्धा. गोधडी माझी आणि सासूबाईंची.

बाकीचं मला असं वाटतं की कोळशाची वीज माझ्या बादलीने बंद होणार नाही हे खरंच आहे. पण आमच्याकडे ज्या कचरा न्यायला येतात त्या ताईंशी काल पहिल्यांदा नीट बोलले, एरवी माझी भेटच होत नाही. त्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या सभासद आहेत, कचरावेचकांची स्वतःची संस्था आहे ही, २००८ पासून पुण्यात घरोघर जातात. मी विचारलं की ओला कचरा आम्ही घरातच जिरवला तर तुमचं नुकसान होईल का? म्हणाल्या उलट बरं, ओल्याला भाव नाही, त्याचं नुसतं ओझं. पैसे मिळतात ते सुक्याचे, आणि सुकं ओल्यात भिजलं की तेही जातं. मग म्हणाल्या एवढं करा, डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळं द्या, उघडं असलं की आम्हाला हातानेच निवडावं लागतं. मला इतकी वर्षं हे माहीत नव्हतं. वर राहणाऱ्या काकूंच्या घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, त्यांनाही सांगितलं.

हवामान बदलाचं उत्तर माझ्याकडे नाही दादा. पण त्या ताईंचा हात कशात जाणार हे माझ्या घरात ठरतं.

रोखठोक_नागपूर | ९ जुलै, दुपारी १:१०

हे पटलं. लाल ठिपक्याचं आजपासून आमच्याकडेही करतो.

चौथा_मजला | २४ जुलै, सकाळी ८:३५

तुळसताई मदत!! बादलीत अळ्या झाल्यात, शेकडो, तांदळापेक्षा मोठ्या, मळकट रंगाच्या, वळवळतायत. नवऱ्याने झाकण उघडलं आणि तसंच ठेवून दिलं. सासूबाई म्हणतायत फेकून द्या. वास पण आंबूस येतोय, ताटलीत काळं पाणी साचलंय. खूप मन लावून करत होतो हो.

गच्चीतली_तुळस | २४ जुलै, सकाळी ९:०५

फेकू नका!! खूप चांगली बातमी आहे. चपट्या, खरबरीत, कडक अंगाच्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत. ती माशी चावत नाही, मोठी झाल्यावर खात सुद्धा नाही, त्यामुळे आपल्या अन्नावर येऊन बसत नाही. अळ्या इतक्या भराभर खातात की घरमाशीला तिथे जागाच उरत नाही. काम झालं की त्या स्वतःच बाहेर निघून जातात.

वास मात्र पाण्याचा आहे, पावसाळी हवेत होतंच. आज नवीन कचरा टाकू नका. दोन ओंजळी कोरडा पुठ्ठा किंवा भुसा घालून तळापासून हलवा, झाकण अर्धवट ठेवून वर जुन्या ओढणीचा तुकडा बांधा. ताटलीतलं पाणी दहापट साधं पाणी घालून झाडांच्या मातीला द्या, पालेभाजीवर नको. तीन दिवस दुसरी बादली वापरा. 

चौथा_मजला | २८ जुलै, संध्याकाळी ६:१५

वास गेला! मातीसारखा, पहिल्या पावसासारखा यायला लागलाय. हात लावला तर बादली बाहेरून कोमट लागते. सासूबाईंनी स्वतः येऊन हात लावून बघितला.

शास्त्र_असतं_ते | २८ जुलै, रात्री ८:४०

कोमट म्हणजे जिवाणू जोरात कामाला लागलेत. मोठ्या ढिगात ५०-६० अंशांपर्यंत जातं, बादलीत तेवढं होत नाही, काळजी नको.

चौथा_मजला | १९ ऑगस्ट, दुपारी १२:३०

प्लास्टर निघालं, वॉकर घेऊन चालतेय. गोधडी झाली!! बहिणीला नोव्हेंबरमध्ये बाळ होणार आहे, तिच्यासाठी. एका कोपऱ्यात सासूबाईंच्या आईच्या नऊवारीचा काठ आलाय. पक्ष्यांच्या ३१ याद्या झाल्या, एकूण १९ जाती, चातक एकदाच ऐकला आणि शिंजीरदादांनी रेकॉर्डिंग ऐकून तोच आहे म्हणून सांगितलं. ओला कचरा ११ जुलैपासून फक्त कोयी आणि मटणाची हाडं एवढाच बाहेर गेला, सगळा मिळून दोन किलोच्या आत.

गणपती जवळ आलेत, यंदा मूर्ती शाडूची लहान घेतोय, घरीच बादलीत विसर्जन करून तीच माती पुढच्या वर्षीसाठी ठेवायची असं ठरलंय.

उरुळीचा_पाटील | १९ ऑगस्ट, रात्री ९:००

ताई, पाय जपा. खत झालं की सांगा.

चौथा_मजला | १४ सप्टेंबर, सकाळी १०:००

पाटीलदादा, झालं. पहिली बादली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरली होती, महिनाभर नुसती हलवत ठेवली. आज नवरा आणि मी वर्तमानपत्र पसरून उलटी केली, काळं, भुसभुशीत, ओळखू येण्यासारखं काहीच उरलेलं नाही, एक भेंडीचं देठ आणि पुठ्ठ्याचे चार तुकडे सोडले तर. वजन ६ किलो ७०० ग्रॅम. पहिली ओंजळ कढीपत्त्याला घातली, त्यावर सध्या तीन हिरव्या अळ्या आहेत. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी एक पिशवी मागून नेली, त्यांच्या दारात गवती चहा आहे.

तुळसताई, चाळायला पिठाची चाळणी फार बारीक पडतेय, कुठल्या मापाची जाळी घेऊ?

गच्चीतली_तुळस | १४ सप्टेंबर, सकाळी १०:२५

वाळू चाळायची हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती, पाव इंचाची. वर राहील तो जाडाभरडा माल फेकू नका, दुसऱ्या बादलीत विरजण म्हणून टाका.